सह्याद्रीत वाट चुकल्यास रात्र सुखरूप काढण्यासाठी विद्यार्थ्यांना काय शिकवावे?

शिबिरार्थी यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अकरावीच्या विद्यार्थ्यांचे दोन दिवसांचे शिबिर घाटमाथ्यावर घ्यायचे ठरले आहे. बरोबर स्थानिक वाटाड्या असेल, मुक्काम गावात असेल आणि वनखात्याची आवश्यक ती परवानगीही घेतलेली असेल, त्यामुळे शिबिरात कोणी हरवेल अशी धास्ती मला नाही. मात्र हीच मुले पुढे चार मित्र जमवून, कोणालाही न विचारता डोंगरात जाणार आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तीन तासांचे एक सत्र मला असे हवे आहे की, वाट चुकली, अंधार पडला आणि फोनला रेंज नाही, अशा वेळी पुढचे बारा-पंधरा तास कसे निभवावेत हे त्यांना हाताने करून समजेल.

पुस्तके आणि चित्रफिती यांवरून मी एक कच्चा आराखडा केला आहे. लाकडावर लाकूड घासून विस्तव करणे, फांद्यांचा निवारा बांधणे, बुंध्यावरील शेवाळावरून उत्तर दिशा ओळखणे, घड्याळाच्या काट्यांवरून दिशा काढणे, ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली उतरत वस्ती गाठणे आणि पक्षी व माकडे जे फळ खातात ते माणसालाही चालते असे मानणे, एवढे मुद्दे त्यात आहेत. परंतु यातील बराचसा उपदेश थंड प्रदेशांतील सूचिपर्णी जंगलांना समोर ठेवून केलेला दिसतो. तो आपल्या काळ्या कातळाच्या कड्यांना आणि चार महिने भिजणाऱ्या रानाला कितपत लागू पडतो, याबद्दल मला शंका आहे. ज्यांनी या डोंगरांत बरीच वर्षे काढली आहेत त्यांनी काय ठेवावे, काय गाळावे आणि कशाला अधिक वेळ द्यावा, हे कृपया सांगावे.

घाटवाटा यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. आराखड्यातील एक मुद्दा तर आपण आजच खोडून टाकावा, तो म्हणजे पाण्याबरोबर खाली उतरण्याचा. जिथे जमीन सावकाश उतरत जाते तिथे ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी गाव लागते, हे खरे आहे. सह्याद्री मात्र लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली झिजलेल्या थराचा तिरपा उतार किंवा पदर, पुन्हा कडा, अशी ही रचना असल्यामुळे कोकणाच्या बाजूला उतरणारा प्रत्येक ओढा वाटेत धबधबा होऊन कोसळतो, आणि वरून येणाऱ्याला हा तुटलेला भाग अगदी काठावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. माणूस पाण्याने गुळगुळीत झालेला आठ-दहा फुटांचा एक कातळटप्पा बसून घसरत उतरतो, मग दुसरा उतरतो, आणि तिसऱ्या टप्प्याशी त्याच्या पायाखाली दोनशे फुटांची पोकळी उघडते. मागे वळावे तर घसरत उतरलेला टप्पा चढता येत नाही. अशा रीतीने घळीत अडकलेल्या माणसाला वरूनही कोणी पाहू शकत नाही, खालूनही नाही, आणि त्याची हाक कड्यांत घुमत राहिल्यामुळे ती कुठून येते हेही शोधणाऱ्याला समजत नाही. काही घाटवाटा नाळेतूनच, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीतूनच, उतरतात हे मान्य आहे, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु ती माहितगाराबरोबर, दिवसाउजेडी आणि कोरड्या हवेत जाण्याची वाट आहे. म्हणून मुलांना हा नियम निःसंदिग्ध शब्दांत सांगावा की, वाट चुकल्यावर नाळेत किंवा घळीत उतरायचे नाही.

मग करायचे काय? प्रथम थांबायचे. वाट चुकल्याचे लक्षात येताच मनात एक घाई उत्पन्न होते, पाऊल आपोआप झपाट्याने पडू लागते, आणि बहुतेक अपघात याच घाईत होतात. सर्वांनी एकत्र बसावे, पाणी प्यावे आणि शेवटची खात्रीची खूण कोणती होती हे आठवून पाहावे. देवीचे ठाणे, पाण्याचे टाके, दगडांची लगोर, शेतीचा बांध, कोणती का असेना. ती खूण जवळ असेल, तिथवरची वाट प्रत्येकाला स्पष्ट आठवत असेल आणि सूर्य मावळायला तासाभराहून अधिक अवधी असेल, तरच सर्वांनी मिळून मागे जावे. यांतील एक अट जरी पुरी होत नसेल तरी जिथे आहोत तिथेच, किंवा जवळच्या सपाट व उघड्या जागी, रात्र काढण्याची तयारी उजेड असतानाच सुरू करावी. अंधारात घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या निसरड्या उतारावर, चालणे हा धोका कोणत्याही श्वापदापेक्षा मोठा आहे.

ऑक्टोबरमध्ये एक वेगळी अडचण असते. गवत कमरेएवढे वाढलेले असते, पायवाटा त्यात बुजून जातात, आणि त्याच वेळी ढोरवाटा मात्र ठळक दिसतात. गुरे चरत चरत जातात, त्यामुळे ढोरवाट फुटत, पसरत जाते आणि अखेर एखाद्या गवताळ पदरावर विरून जाते. मळलेली पायवाट एकसंध असते, चढाला वळणे घेते आणि तिच्या दगडांच्या कडा पावलांनी घासून बोथट झालेल्या असतात. हा फरक वाटाड्याकडून मुलांना प्रत्यक्ष दाखवून घ्यावा. अर्धा तास यावर खर्च झाला तरी चालेल, कारण वाट चुकण्याची सुरुवात बहुधा इथेच होते. संध्याकाळ होत आली असताना ताजे शेण आणि एकाच दिशेने गेलेले खुरांचे ठसे दिसले, तर ती दिशा गोठ्याची असण्याची शक्यता अधिक असते, हेही त्यांना सांगण्यासारखे आहे.

दिशांविषयी सांगायचे तर शेवाळाचा मुद्दा गाळावा, कारण आपल्या पावसात शेवाळ बुंध्याच्या चारही अंगांना धरते. घड्याळाच्या काट्यांची युक्तीही उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांसाठी आहे. आपल्याकडे सूर्य माथ्याच्या फार जवळून जात असल्यामुळे तिच्यात मोठी चूक येते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. त्याऐवजी काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी दगड ठेवावा, वीस-पंचवीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा दगड ठेवावा आणि दोन्ही दगडांना जोडणारी रेघ ओढावी. पहिला दगड साधारणपणे पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा असतो. माध्यान्हीच्या आसपास ही रीत सर्वांत बिनचूक ठरते.

रात्री ध्रुवतारा शोधताना अक्षांश लक्षात ठेवावा. तो आपल्याकडे क्षितिजापासून केवळ अठरा-एकोणीस अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश व्यापते, म्हणजे ध्रुव जेमतेम दोन मुठी उंचीवर असतो आणि उत्तरेला डोंगराची धार आडवी आली तर तो दिसतच नाही. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात, त्यामुळे शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहावरून उत्तर ओळखायला शिकवावे. मध्यरात्रीच्या थोडे आधी मृग नक्षत्र उगवते. त्यातील बाणाचे तीन तारे जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात आणि नेमक्या पश्चिमेला मावळतात.

हे सारे ज्ञान कशासाठी हवे, तेही मुलांना समजले पाहिजे. सह्याद्रीची मुख्य धार साधारणपणे उत्तर-दक्षिण जाते, पश्चिमेला कोकणात तुटलेले कडे आहेत आणि पूर्वेला देशाकडे सोंडा व खोरी तुलनेने सावकाश उतरतात. म्हणून घाटमाथ्यावर भरकटलेल्या माणसाला पश्चिम कोणती हे कळले, तर कोणत्या बाजूला पाऊल टाकायचे नाही हे कळले. सकाळी उजेड झाल्यावर पूर्वेकडे पाहून शेत, धूर, रस्ता किंवा धनगरवाडा दिसतो का, याचा अंदाज घ्यावा. उंचावरून दिसलेल्या वस्तीकडेही सरळ रेषेत जाऊ नये, कारण मध्ये एखादी खोल घळ लपलेली असू शकते.

रानजाई यांचे उत्तर

माझे बालपण अकोले तालुक्यात गेले आणि आता मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे पाणी आणि रानातील खाणे एवढ्यापुरतेच लिहिते.

एका रात्रीच्या प्रश्नात अन्नाला जवळजवळ स्थान नाही. निरोगी माणूस अन्नाशिवाय काही दिवस सहज काढतो, पाण्याशिवाय मात्र उन्हाळ्यात दुसरा दिवसही कठीण होतो. म्हणून अनोळखी कंद, फळ किंवा अळंबे तोंडात घालायचेच नाही, हा नियम मुलांना द्यावा. पक्षी आणि माकडे खातात ते चालते, ही समजूत धोक्याची आहे. काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, फळांचा गर धनेश आवडीने खातो, आणि त्याच फळांच्या बियांतून स्ट्रिक्नीन हे जहाल विष मिळते. कळलावीची फुले पावसाळ्यात सर्वांचे लक्ष वेधून घेतात. तिचा कंद करांद्यासारख्या खाण्याच्या कंदांशी गल्लत होण्याजोगा असतो आणि तो खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. खाण्यायोग्य वनस्पतींचेही तसेच आहे. शेवळे ही आमच्याकडे पावसाच्या तोंडावर हौसेने केली जाणारी भाजी आहे, परंतु ती काकडाच्या फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवल्याशिवाय घशाला असह्य खाज सुटते. कडू करांदे कापून, वारंवार उकळून, पाणी टाकून दिल्यावरच खातात. ही माहिती महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांत आईकडून मुलीकडे रोजच्या कामातून येते. ती एका सत्रात देता येत नाही आणि देण्याचा आवही आणू नये. त्याऐवजी मुक्कामाच्या गावातील एखाद्या जाणत्या बाईंना सन्मानाने बोलवावे, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि त्यांच्याबरोबर तासभर शिवारात फिरावे. करवंद, जांभूळ, तोरण ही मुलांना ओळखता येणारी फळे उन्हाळ्याच्या अखेरीची आहेत, ऑक्टोबरमध्ये त्यांचा उपयोग नाही.

ऑक्टोबरमध्ये पाणी शोधावे लागत नाही, ओढे वाहत असतात. प्रश्न ते पिण्यायोग्य करण्याचा असतो. वर गुरे चरत असतात, त्यामुळे कितीही नितळ दिसले तरी ते पाणी शंकास्पद मानावे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट तसेच उकळू द्यावे. अतिउंच प्रदेशांत तीन मिनिटे सांगितली जातात, परंतु कळसूबाईचे शिखरच १,६४६ मीटर असल्यामुळे आपल्याकडे कुठेही एक मिनिट पुरते. विस्तव शक्य नसेल तेव्हा क्लोरीनच्या गोळ्या हाच सोपा उपाय आहे. वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात गोळी घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी दुहेरी सुती कापडातून गाळावे, कारण गाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. निवळीची बी भांड्याला आतून घासून गाळ खाली बसवण्याची जुनी रीत उत्तम आहे, मात्र तिने पाणी स्वच्छ दिसते, जंतुरहित होत नाही, हा भेद मुलांना आवर्जून सांगावा.

ही मुले उन्हाळ्यातही डोंगरात जाणार, म्हणून चार गोष्टी त्या ऋतूसाठी. बहुतेक गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात, पण त्यांतील कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याचे आणि कोणते गुरांचे, हे खालच्या गावातच विचारून घ्यावे. ओढा वरून कोरडा दिसला तरी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाळू ओलसर असेल तिथे हातभर झिरा खणून वाट पाहिल्यास पाणी साचते. उंबर बहुधा ओलाव्याच्या जागी वाढतो, म्हणून उजाड उतारावर हिरवागार उंबर दिसला तर त्याच्या आसपास पाहावे. उक्षीच्या जाड वेलीत पाणी साठलेले असते आणि उन्हाळ्यात रानात वावरणारे लोक ती तोडून तहान भागवतात. परंतु वेल नेमकी ओळखणारा बरोबर नसेल तर हा प्रयोग करू नये, आणि दुधाळ किंवा रंगीत चीक असलेल्या वेलीला तर हातच लावू नये. मार्च ते मे या काळात उन्हामुळे आजारी पडणाऱ्यांसाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण तोंडपाठ असावे. मीठ-साखरेची पुडी खिशात मावते.

ओली सरपण यांचे उत्तर

विस्तव आणि निवारा यांविषयी लिहितो, आणि निवाऱ्यापासून आरंभ करतो, कारण त्याचे महत्त्व अधिक आहे. आपल्याकडे थंडीने कोणी मरत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात अंगावर ओले कपडे आणि वर धारेवरचा वारा असेल, तर हवा पंधरा-वीस अंशांवर असतानाही शरीराची उष्णता झपाट्याने जाते. थरथर, मग बोलण्यात अडखळणे, हाताला बटण लावता न येणे, आणि पुढे थरथर थांबून येणारी गुंगी, हा क्रम मुलांना ठाऊक असावा. जो मित्र गप्प झाला आहे आणि चिडचिडा झाला आहे, त्याच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. जीन्स भिजली की रात्रभर वाळत नाही, म्हणून डोंगरात ती घालू नये. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि तो चालताना नव्हे, तर थांबल्यावर अंगावर चढवावा.

फांद्यांची झोपडी शिकवण्यात वेळ घालवू नये. ती पाऊस अडवत नाही, बांधायला दोन-तीन तास लागतात आणि त्यासाठी जिवंत झाडे तोडावी लागतात. त्याऐवजी भातलावणीच्या वेळी शेतकरी डोक्यावर घेतात ती खोळ दाखवावी. खताच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून केलेली ही खोळ डोके, पाठ आणि कंबर कोरडी ठेवते. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी असेल तर तिला चेहऱ्यापुरते भोक पाडून तीत पाय पोटाशी घेऊन बसता येते. एक मेणकापड आणि दहा-बारा हात दोरी असेल तर दोन झाडांमध्ये वाऱ्याकडे पाठ करून उतरते छप्पर पाच मिनिटांत होते, आणि हे मात्र प्रत्येक मुलाने स्वतः करून पाहावे. दोरी नसेल तर मुरुडशेंगेच्या सालीचा चांगला दोर वळता येतो. गावातील एखाद्याकडून तो वळताना पाहणे हा मुलांसाठी आनंदाचा भाग ठरेल.

अंगाखालची जमीन वरच्या हवेपेक्षा अधिक उष्णता शोषून घेते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खाली वीतभर जाडीचा वाळलेल्या पानांचा किंवा गवताचा थर करावा, ते न मिळाल्यास पाठपिशव्या आणि दोर पसरून त्यांवर बसावे. एकमेकांना पाठ टेकवून, खेटून बसावे आणि मध्ये सर्वांत अशक्त व्यक्तीला घ्यावे. जागा निवडताना ओढ्याचे पात्र टाळावे, कारण पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने वाहू लागली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंचावर जावे. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांचे ढग येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातात त्यांना तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तथापि गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण धोक्याच्या टप्प्यात आहोत असेच समजून धार, बुरूज, ध्वजस्तंभ आणि एकटे झाड सोडून खाली उतरावे व एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसावे.

आता विस्तव. लाकूड घासून अग्नी काढता येतो, यज्ञातील अग्निमंथन आजही अरणी, म्हणजे त्यासाठीची खास लाकडे, घुसळूनच करतात, परंतु त्या अरणी निवडलेल्या, मुरलेल्या आणि जिवापाड कोरड्या ठेवलेल्या असतात आणि घुसळण्याची सवय झालेले हात लागतात. पावसाळ्यानंतरच्या ओल्या रानात दमलेल्या मुलाला ते साधणार नाही. प्रात्यक्षिक म्हणून दाखवावे, भिस्त मात्र काडेपेटीवर ठेवावी. दोन काडेपेट्या वेगवेगळ्या पिशव्यांत, घट्ट झाकणाच्या डबीत असाव्यात, सोबत मेणबत्तीचा तुकडा आणि सायकलच्या ट्यूबच्या काही पट्ट्या असाव्यात. ट्यूबची पट्टी ओली असली तरी पेटते आणि बराच वेळ जळते.

ओल्या रानात कोरडे लाकूड जमिनीवर पडलेले नसते, ते उभे असते. झाडावरच वाळलेली फांदी किंवा वाळलेला बांबू घ्यावा, कोयत्याने उभा चिरावा आणि आतील कोरडा गाभा वापरावा. बांबूची पाठ पात्याने खरवडली की कापसासारखा भुगा निघतो, तो ठिणगी चटकन धरतो. सावरीचा कापूस जपून ठेवला असेल तर तोही धरतो, पूर्वी चकमकीबरोबर तोच वापरत. आधी काडीएवढ्या, मग करंगळीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या काटक्या वेगवेगळ्या रचून ठेवाव्यात आणि त्यानंतरच काडी ओढावी. बहुतेकांचा विस्तव विझतो तो या तयारीच्या अभावी. चुलीसाठी ओढ्यातील दगड घेऊ नयेत, त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. राखीव वनात विस्तव पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि फेब्रुवारी ते मे या काळात एका ठिणगीने सबंध डोंगर जळतो. त्यामुळे हा सराव महाविद्यालयाच्या किंवा गावातील अंगणातच घ्यावा. जिवावरचा प्रसंग आला तरी गवत साफ करून, कातळावर, लहानसाच विस्तव करावा आणि निघताना राखेत हात घालता येईल इतके पाणी ओतावे.

शिबिरार्थी यांचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. आराखडा जवळजवळ पूर्ण बदलतो आहे, आणि शेवाळ, घड्याळ, झोपडी व पाण्याबरोबर उतरणे हे चारही मुद्दे वगळले आहेत. आता दोनच शंका उरतात. मदत मागण्यासाठी ओला पाला टाकून दाट धूर करावा असे सर्वत्र सांगितले जाते, ते आपल्याकडे योग्य आहे का? आणि सर्पदंशाविषयी किती शिकवावे?

साद यांचे उत्तर

मी एका गिर्यारोहण बचावपथकात स्वयंसेवक आहे. धुराविषयी आपण विचारलेत हे फार चांगले झाले. आपल्या कड्यांवर, लेण्यांच्या छतांना आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते, आणि धुराने ते उठते. शेकडो माश्यांचा हल्ला झाला तर निरोगी माणूसही दगावू शकतो. म्हणून कड्याखाली, गुहेच्या तोंडाशी किंवा वर न पाहता कुठेही धूर करू नये. खुल्या पठारावर, वर आणि वाऱ्याच्या दिशेने मोहोळ नसल्याची खात्री करूनच तो मार्ग घ्यावा. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत, तोंड व डोके कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून दूर जावे, मात्र दरीच्या काठाने धावू नये.

धुरापेक्षा शिट्टी अधिक उपयोगी आहे. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा, हा गिर्यारोहकांचा जगभर मान्य असलेला संकटाचा संकेत आहे, आणि मिनिटाला तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर. रात्री हाच संकेत विजेरीने द्यावा. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते, म्हणून ती पिशवीत न ठेवता गळ्यात असावी. फोनची रेंज अंधुक असेल तेव्हा बोलणे होत नाही, पण साधा संदेश पुष्कळदा जातो. त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, किती जण आहेत आणि कोणाला काय झाले आहे एवढेच लिहावे. ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक आपल्या सिमची रेंज नसली तरी जे कोणते नेटवर्क उपलब्ध असेल त्यावरून लागू शकतो. सर्वांचे फोन एकदम चालू ठेवू नयेत, एक चालू ठेवून बाकीचे बंद करावेत. संदेश गेल्यानंतर जागा सोडू नये. शोधपथक त्या ठिकाणी पोहोचते आणि माणसे तिथून हललेली असतात, हा अनुभव आम्हाला वारंवार येतो आणि त्यात मौल्यवान तास वाया जातात.

निघण्यापूर्वी कोणता डोंगर, कोणती वाट, किती वाजता परत आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, एवढे चार ओळींत लिहून घरी आणि पायथ्याच्या गावात एका माणसाकडे देणे, ही सवय आपण याच शिबिरात लावावी. शोध कुठून सुरू करायचा हे या चार ओळींवरून ठरते, आणि त्या नसतील तर पहिला सबंध दिवस चौकशीतच जातो.

सर्पदंशाविषयी थोडेच, पण पक्के शिकवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार प्रमुख विषारी साप आहेत आणि आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चौघांवर चालते, म्हणून साप पकडण्याची किंवा मारून नेण्याची गरज नाही. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठी, कडे आणि घड्याळ काढून घ्यावे, दंश झालेला अवयव काठी लावून मोडक्या हाडाप्रमाणे स्थिर करावा आणि जखमीला धीर द्यावा. त्याला शक्यतो चालवू नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. यासाठी दोन बांबू आणि एक घोंगडी किंवा दोन जाड शर्ट यांची डोली करून एका मुलाला शंभर पावले वाहून नेण्याचा सराव घ्यावा. घाटातील वाड्यांवरून आजारी माणसे आजही अशाच डोलीतून रस्त्यापर्यंत आणली जातात, त्यामुळे बांबू कुठे धरायचा आणि उतारावर पुढच्याने खांदा कसा बदलायचा, हे आपला वाटाड्याच मुलांना उत्तम दाखवू शकेल. डोली निघाली की एकाने पुढे जाऊन रेंज मिळताच १०८ ला फोन करावा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे का हे रुग्णवाहिका पोहोचण्यापूर्वीच विचारून घ्यावे.